एका तलावाचे दोन तुडूम

जाळ्यावर बसलेल्या माणसानं काम संपेपर्यंत उठायचं नाही, हा भैयाजींच्या घरचा नियम. कोणी घातला ते आता कोणाला सांगता येत नाही, पण मोडला मात्र कोणी नाही. श्रावणात तलावात जाळं टाकत नाहीत, मासोळीची पिल्लं लहान असतात. तेव्हा सगळी जाळी ओसरीत निघतात, आणि घरातल्या साऱ्या भानगडीही त्याच वेळी निघतात. दोन्ही हातांत सूत असलं की माणूस हात उगारत नाही, आणि रागात मारलेल्या गाठी दुसऱ्या दिवशी सुटून येतात, म्हणून रागही जरा बेतानंच करावा लागतो. भैयाजींच्या धाकट्या भावाचं, मनसारामचं लग्न जाळ्यावर ठरलं होतं. धानाच्या खालच्या बांध्यांची वाटणी जाळ्यावर झाली होती. आणि दोन हजार सातच्या त्या श्रावणात, शुक्रवारी जेवणं उरकल्यावर, मनसारामच्या पोराची, भूपेशची नवी गोळी बंद करायची का हे ठरवायला घरचे पाच जण जाळ्यावर बसले.

पाच म्हणजे खरं तर चार. पाचवा भूपेश. त्याच्याच गोळीची गोष्ट होती, पण तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या मांडीवर जाळ्याचा पदर नुसता टाकून ठेवला होता. चोवीस वर्षांचा पोरगा. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्यासारखी गाठ आरमोरी तालुक्यात कोणी मारत नव्हतं, आणि हे नुसतं घरचं कौतुक नव्हे.

“त्याच्या हाताकडं पाह्य, प्रेमिला,” भैयाजी म्हणाले. “वीस दिवस झाले, मी पाहून राह्यलो. पेला धरता येत नाई त्याले. मान लाकडासारखी ताठ झाली. तोंडातून लाळ गळून राह्यली.”

भूपेशच्या आईनं, प्रेमिलानं डोक्यावरचा पदर सारखा केला. मनसाराम जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी जेठासमोर, थोरल्या दिरासमोर बोलताना ती अजून जाळ्याकडे बघूनच बोलायची.

“पाहून राह्यली, भाऊजी.”

“मी आरमोरीच्या मेडिकलवाल्याले विचारून आलो. ही नवी गोळी मिरगीची हाये मने. आपल्या भूपेशले कधी झटका आला का? एकदा तरी?”

“नाई आला.”

“मंग? ज्याले जो रोग नाई त्याची गोळी त्याले कायले? डॉक्टरीणबाई नागपूरहून येते महिन्यातून एकदा, चार सवाल विचारते न जाते. तिले काय माहीत आपलं घर.”

भैयाजींच्या आवाजात चीड होती, पण ती डॉक्टरीणबाईवर नव्हती. ती जुनी होती. तीन वर्षांपूर्वी कोजागिरीनंतर ते तुडुमात उतरले होते. तुडूम म्हणजे तलावाच्या पाराच्या, मातीच्या बांधाच्या पोटातून बांध्यांत पाणी नेणारी मोरी. तिच्या तोंडाशी लाकडाचं बूच असतं आणि ते खाली बुडी मारूनच उपसावं लागतं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि पारावर एक जण दोर धरून मोठ्यानं अंक मोजतो. खालून दोन हिसके आले की ओढायचं. त्या दिवशी दोर भूपेशच्या हातात होता. तिसाच्या पुढं त्यानं मोजणं थांबवलं, दोर खाली टाकला आणि सरळ घरी चालत आला. पाण्यातून कोणीतरी त्याला ‘सोड’ म्हणालं होतं. पारावर उभा असलेला शेजारचा सोमाजी धावला म्हणून भैयाजी वाचले. पुतण्याला त्यांनी चकार शब्दानं दुखवलं नाही, पण त्यानंतर दोर त्याच्या हाती कधी दिला नाही.

“गोळी वाईट असती,” प्रेमिला म्हणाली, “त आषाढात तो बोलला नसता.”

“काय बोलला?”

“मले मने, ‘आई, आज कोनता वार?’ मी बुधवार सांगतला. त मने, ‘नाई व, आज गुरुवार हाये.’” तिनं सुताला हिसडा देऊन गाठ आवळली. “तीन वर्षांत त्यानं मले पह्यल्यांदा काही विचारलं, भाऊजी. न माझी चूक काढली. मी चुलीपाशी जाऊन रडली त्या दिवशी. हे त्या गोळीनं झालं. नवी गोळी सुरू होऊन तेव्हा महिना झाला होता. हात कापनं मागून आलं.”

“मागून का असेना, आलं त त्याच गोळीनं.” भैयाजींनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. “न आनखी एक गोष्ट. सिंदेवाहीचे पाव्हणे दसऱ्यानंतर पायलले पाहाले येतीन. मिरगीचं घर मनून गोष्ट तिथवर गेली त?”

पायल, भूपेशची धाकटी बहीण, आरमोरीच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती शेवटच्या टोकाला बसून फाटलेला भाग कापत होती. तिनं कात्री खाली ठेवली.

“मोठेबाबा, माझ्या लग्नासाठी दादाची गोळी बंद करत असान, त मले ते लग्न नाई पाह्यजे.”

“तू गप बस व.”

“नाई बसत. जाळ्यावर कोनीही बोलू शकते, तुमीच सांगता.”

भैयाजींना हसू आलं असतं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. एरवी अशा वेळी त्यांची मोठी बहीण त्यांची बाजू घ्यायची. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

सुगंधाबाई जाळ्यात मान घालून बसल्या होत्या.

त्यांनी आत्ताच एक गाठ चुकवली होती. पासष्टाव्या वर्षीही डोळे मिटून गाठ मारणारी बाई. ती चुकलेली गाठ बोटाखाली दाबून धरली होती आणि तिथून बोट उचलावंसं वाटत नव्हतं.

चौतीस वर्षांपूर्वी त्याच ओसरीत त्यांना खांबाला बांधून ठेवलं होतं. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं आणि मागं वळून पाहिलं नाही. कानात माणसं भांडायची, अन्नात विष दिसायचं. मग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून पांढरी गोळी आली आणि दोन महिन्यांत त्या उठून धान रोवायला गेल्या. तेव्हापासून एक दिवस गोळी चुकली नाही. गाव त्यांना आता सुगंधाबाई म्हणतं, बाळंतिणीला शेकायला बोलावतं, लग्नात हळद दळायला पुढं बसवतं. हे सगळं त्यांनी एकेक दिवस करून मिळवलं होतं.

आणि भूपेशला हाच रोग, घर हेच, बाप त्यांचाच सख्खा भाऊ. मग त्यांची गोळी त्याला का लागू नये? डॉक्टरीणबाईनं पहिल्या वर्षी ती देऊन पाहिली होती, थोड्याच दिवसांत पोरगं आखडलं म्हणून बंद केली. सुगंधाबाईंना वाटायचं, घाई केली बाईनं. थोडं सोसायचं होतं. सुरुवातीला आपणही नव्हतो का आखडलो? आषाढात तो वार विचारू लागला तेव्हा त्यांना वाटलं, आता पोरगं दारात आलंय, हात धरून आत तेवढं घ्यायचं आहे. म्हणून रोज सकाळी त्या स्वतःची गोळी मोडायच्या. अर्धी आपण घ्यायच्या, अर्धी कुस्करून त्याच्या पेजेत. बावीस दिवस.

आता बोलायचं, तर सगळे पुन्हा त्या खांबाकडे बघणार. न बोलायचं, तर पोराची खरी गोळी जाणार. चार दिवसांपासून त्यांनाही नीट झोप नव्हती, आणि ती का नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार.

“गोळीचा दोष नाई, भैया,” त्या म्हणाल्या. “माझा हाये.”

आणि त्यांनी सांगितलं. पेज, अर्धी गोळी, बावीस दिवस. सांगताना हात थांबले नाहीत. चुकलेली गाठ त्या सोडवत होत्या.

भैयाजी उठले. म्हणजे अर्धे उठले, मांडीवरचं जाळं ओढलं गेलं, आणि नियम आठवून पुन्हा खाली बसले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“बाई, तुले अक्कल हाये का? पोरगं मेलं असतं मंग?”

“एकच रक्त हाये ना गा आपलं. मले वाटलं, मले तारलं त त्यालेही तारन.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं त तू मनला असता, याड लागलं हिले पुन्हा.” सुगंधाबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. “मन आता. मी ऐकाले बसली हाये.”

भैयाजींनी जाळ्याचा पदर पुन्हा मांडीवर ओढला. बोलली ती प्रेमिला. पंचवीस वर्षांत नणंदेला तिनं उलट शब्द दिला नव्हता, आणि आजही दिला नाही. ती सरकत तिच्याजवळ गेली, जाळ्यासकट.

“आत्याबाई, तुमी सोताची अर्धी देल्ली? न तुमचं कसं हो? तुमाले झोप लागते का?”

“नाई लागत,” सुगंधाबाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्यांना रडू आलं.

“मंग उद्यापासून तुमी पुरी घ्यान. मी समोर बसून पाहीन.” प्रेमिलानं आता जेठाकडे सरळ पाहिलं. “भाऊजी, परवा रविवार. डॉक्टरीणबाई येनार. सारे जाऊ. तुमीही या, न तिले जे विचारायचं ते तोंडावर विचारा. तवरोक ती गोळी बंद होनार नाई.”

भैयाजींनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी धुतलेली टोपी घालून तेच एसटीची वाट पाहत उभे होते.

*

डॉक्टर वैरागडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आरमोरीत एका धर्मशाळेच्या खोलीत बसायच्या. टेबल एक, खुर्च्या दोन. बाकीच्यांनी उभं राहायचं. प्रेमिलाला वाटलं होतं, बाई रागावतील, सुगंधाबाईंना नको ते बोलतील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, भूपेशचा हात कोपरातून वाकवून पाहिला, मान पाहिली, आणि सुगंधाबाईंना खुर्चीवर बसवलं.

“पांढरी गोळी आजपासून फक्त तुमची. पूर्ण. याचं आखडणं पंधरा दिवसांत उतरेल, तोवर एक लहान गोळी देते. घाबरायचं कारण नाही. पण पुन्हा असं करू नका.”

“नाई करत,” सुगंधाबाई म्हणाल्या. “पन एक सांगा, बाई. रोग एक, घर एक. मले लागली न त्याले काऊन नाई?”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. प्रेमिलाला ते आवडलं. बाहेर वीस माणसं ताटकळत होती, तरी बाईंनी पेन खाली ठेवलं.

“मी पण तीन वर्षं हाच विचार करतेय. असं बघा, वाडवडिलांकडून जे आलं ते तुमच्यात बरंचसं सारखंच आहे. पण आलेलं सगळं चालू असतं असं नाही. शरीर त्याच्यावर खुणा करून ठेवतं. हे चालू, हे बंद. मोठा ताप, उपासमार, धसका, बिडी-तंबाखू, आईच्या पोटातले दिवस, अशा गोष्टींनी त्या खुणा बदलतात असं आता संशोधन करणारे म्हणायला लागलेत. म्हणून एकाच घरात एकच गोळी एकाला लागू पडत असेल आणि दुसऱ्याला नाही.”

“न मिरगीची गोळी?” भैयाजी दारातून म्हणाले.

“ती झटक्यांची आहेच, मेडिकलवाल्यानं खोटं नाही सांगितलं. पण प्रयोगशाळेत असं दिसलंय की बंदच्या काही खुणा ती सैल करते. मग तो आधीपासून घेतो त्या मूळ गोळीला वाट मिळत असेल, असं काही डॉक्टरांना वाटतं. वाटतं, बरं का. पक्कं झालेलं नाही, आणि पक्कं आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. काहींना फरक पडतो, काहींना नाही. याला पडतोय असं मला आषाढात वाटलं होतं. दर महिन्याला रक्त तपासू, सहा महिने बघू. नाही पडला तर मीच बंद करीन.”

भैयाजी दारातून आत आले. मग त्यांनी टोपी काढली.

“बाई, तुमी तुडूम पाह्यला का?”

“नाही.”

भैयाजींनी पार, मोरी, बूच, सगळं हातवारे करून सांगितलं. “आमच्या तलावाले दोन तुडूम हायेत. पानी एकच. मोठ्याचं बूच एका हिसक्यात निंगते. लहान्याचं एका सालच्या पुरात गाळ बसून फुगलं, ते काही केल्या निंगत नाई. आता आमच्या बाईनं काय केलं? लहान्यातून पानी येत नाई मनून तलावच आनखी भरला. पानी वाढलं त बूच उघडत नाई जी, आनखी घट्ट बसते. पार फुटाची पाळी येते.” त्यांनी भूपेशच्या कापणाऱ्या हाताकडे पाहिलं. “तुमची मिरगीची गोळी गाळ मोकळा करून राह्यली. असंच ना?”

“करत असेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “इतकं सोपं नसेल कदाचित. पण माझ्या विद्यार्थ्यांना मी हे असंच सांगणार आहे.”

“मंग चालू द्या,” भैयाजी म्हणाले. बहिणीकडे वळून त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं, आणि ते रागानंच टाकलं, कारण दुसऱ्या तऱ्हेनं त्यांना ते आलं नसतं. “न तुले कोनी याड लागलं मनत नाई. उगीच मनात आनू नोको.”

सगळे बाहेर गेले. प्रेमिला दारात थांबली.

“बाई, आईच्या पोटातले दिवस मनलं तुमी.”

“हो.”

“हा पोटात होता त्या साली तलावाचा पार फुटला होता. घरात दाना नोता. मी दोन महिने मोहफुलं उकडून खाल्ली. कधी नुसतं पानी. त मंग हे माझ्यानं...”

चोवीस वर्षं तिनं हे कोणाला विचारलं नव्हतं, कारण विचारावं असं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं.

डॉक्टरबाई उठून तिच्याजवळ आल्या. “नाही. कशामुळं झालं ते कोणाही एका माणसाबद्दल सांगता येत नाही, आणि उपाशी राहणं हा काय तुमचा गुन्हा होता? यातलं चांगलं तेवढं ऐका. रक्तात आलं ते बदलत नाही, असं आम्ही शिकलो होतो. पण खुणा बदलू शकतात. बंद झालेलं उघडूही शकतं. म्हणून तर आपण हे करतोय.”

प्रेमिलानं ते वाक्य एसटीत मनाशी पुन्हा पुन्हा म्हटलं. वैनगंगेचा पूर उतरत आला होता, आणि शेजारच्या बाकावर सुगंधाबाई भूपेशच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. पोरगं ताठ बसलं होतं. मान आखडली म्हणून नव्हे, आत्या उठेल म्हणून.

*

कोजागिरी झाली. उशिरा येणारं भारी धान निसवायला लागलं आणि खालच्या बांध्यांतून पाण्याचा निरोप आला. सकाळी पाराव‍र पंधरावीस माणसं जमली.

भूपेश मागं उभा होता. हात आता कापत नव्हते. नवरात्रात त्यानं पायलची फाटकी जाळी विणून दिली आणि तिच्या गाठींना नावंही ठेवली. पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, आणि त्याचीही हौस नव्हती. तलावाकडे आला होता तो केवळ आत्या म्हणाली म्हणून. “चाल, पाहून येऊ,” एवढंच म्हणाली होती ती.

भैयाजी मोठेबाबांनी खर्रा थुंकला, चूळ भरली, कमरेला दोर बांधला. सोमाजीनं सवयीनं हात पुढं केला. तीन वर्षं तोच दोर धरत होता. मोठेबाबा त्याच्या बाजूनं पुढं आले आणि दोराचं टोक त्यांनी भूपेशच्या हातात दिलं.

“मोठ्यानं मोज. मले खालती आयकू येत नाई, पन लोकाईले आयकू येते.”

“मोठेबाबा, मी...”

“दोन हिसके आले का ओढ.”

आणि ते उतरले. पाणी डोक्यावरून मिटलं.

“एक,” भूपेश म्हणाला. “दोन.”

दोर ओला होता, जड होता. पारावर कोणी हलत नव्हतं. सोमाजी दोन पावलांवर येऊन उभा राहिला होता, हे त्याला दिसलं. राहू दे, त्याला वाटलं. मीपण राहिलो असतो. वीस. एकवीस. त्याच्या मागं आई उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

तिसाला तो आवाज आला. सोड. येईल हे त्याला ठाऊक होतं. औषध जादू करत नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी तो आवाज त्याच्या कवटीत घुमला होता, आणि आता लांबून आला, चार घरं सोडून कोणी दुसऱ्याच माणसाला हाक मारावी तसा. भूपेशनं दोराचा एक वेढा मनगटाला घेतला.

“एकतीस,” तो म्हणाला, आधीपेक्षा मोठ्यानं. “बत्तीस.”

चाळीस. पंचेचाळीस. सोमाजीनं हात पुढं केला आणि सुगंधाबाईंनी तो धरून खाली केला. एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न. चौपन्न.

एक हिसका. मग दुसरा.

त्यानं ओढलं. पाय रोवून, दोन्ही हातांनी. पाराच्या पलीकडून खळखळ ऐकू आली, खालच्या बांध्यांत पोरं ओरडायला लागली, आणि अलीकडे मोठेबाबांचं पांढरं डोकं पाण्याबाहेर आलं. ते पारावर पालथे पडून धापा टाकत राहिले. प्रेमिला तोंडावर पदर धरून रडत होती आणि तिला कोणी थांबवलं नाही.

“किती?” मोठेबाबांनी विचारलं.

“चौपन्न.”

“चुकला. पन्नासात आलो असीन मी.”

“चौपन्न,” भूपेश म्हणाला. “मी मोजले.”

मोठेबाबा उठून बसले. कमरेचा दोर त्यांनी सोडला नाही. पाराच्या दुसऱ्या टोकाला, लहान्या तुडुमाकडे त्यांनी पाहिलं.

“दम घेऊ जरासा. मंग ते पाहू. निंगलं त निंगलं, नाई त पुढच्या साली. दोर तूच धर.”

“धरतो,” भूपेश म्हणाला. मग मोठेबाबांकडे पाहत, तीन वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “पन खर्रा कमी करा, मोठेबाबा. पह्यले चाळीसात निंगत होते तुमी.”